अडलेला कौल

"देवीक इचारल्याबगर मी सही करूचंय नाय," आबा गावडे म्हणाले आणि माझं पेन माझ्याच हातात परत देऊन त्यांनी पानाचा डबा उघडला.

मी तेव्हा मोरशेतच्या राईत एका मुळावर बसले होते. पायाला मुंग्या डसत होत्या, मांडीवर वकीलपत्र होतं आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. या एका सहीसाठी मी एसटीने, मग रिक्षाने आणि शेवटी चिखलातून पायी आले होते.

"आबा, कुबलची माणसं करवती घेऊन कधीही येतील. आज सही झाली तर उद्या मी कोर्टात उभी राहते. देवीला मागाहून विचारा की!"

"तिच्या नावान फिर्याद, आणि तिकाच मागसून इचारू?" आबांनी सुपारी कातरली. "तुजा कोर्ट खंय पळान जाता?"

कोर्ट पळत नव्हतं, राई पळणार होती. मोरशेत हे डोंगराच्या कुशीतलं गाव. गावाच्या वर राई, राईच्या वर मोकळा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि सड्यावर उमेश कुबलची चिऱ्यांची खाण. खाणीचे ट्रक डोंगराला वळसा घालून जायचे, त्यात त्याचं डिझेल जळायचं. म्हणून त्याला राईतून सरळ रस्ता हवा होता. राईच्या पोटात एक झरा होता. खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी त्याचं, पोफळीच्या बागा त्याच्यावर. झाडं गेली की झरा जाणार आणि झरा गेला की वाडी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण देवस्थान समितीत सगळे कुबलचे मिंधे. समितीने रस्त्याला 'हरकत नाही' असा कागद दिला होता. विरोधात उभे राहिले ते एकटे आबा. ते गावचे मानकरी, म्हणजे देवीपुढे पहिला नारळ त्यांचा.

आणि मी त्यात शिरले ती माझ्या हुशारीपायी. सातबारा काढून बघितला तर राईची जमीन ना सरकारची, ना समितीची. मालकाच्या रकान्यात सरळ नाव होतं, 'श्री देवी झरीची माऊली'. मला असा आनंद झाला म्हणता! कुठे कुठे म्हणे नद्यांना आणि डोंगरांना माणसासारखे हक्क द्यायला लोक कोर्टात भांडत होते. आमच्याकडे तर देव कायद्याने केव्हाचाच माणूस. त्याची जमीन असते, त्याला दावा लावता येतो, फक्त त्याच्या वतीने सही करायला कोणीतरी वादमित्र लागतो. मग ही समिती कोण हरकत नाही म्हणणारी? मालकीणबाईंना विचारलं का कोणी? मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि आबांना वादमित्र करायचं ठरवलं. आता तेच आबा मालकीणबाईंना विचारायला निघाले होते. आपल्याच दाताखाली आपलीच जीभ, दुसरं काय!

कौल सोमवारी लागला. मी कपाळाला हात लावून, पण गेले. माऊली म्हणजे उघड्यावर उभा एक काळा दगड, माणसाच्या छातीएवढा. डोक्यावर छप्पर नाही, तिला ते चालत नाही. लाडू गुरव हा तिचा पुजारी, हडकुळा, सदा भ्यायलेला माणूस. त्याने दगडाला पाणी घातलं आणि रानातल्या तांबड्या फुलांचे दोन ओले कळे तिच्या अंगावर चिकटवले, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. आबांनी हात जोडून 'फिर्याद लावू का' असं गाऱ्हाणं घातलं आणि जमलेल्यांनी दर वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हटलं. मला तर ती आमच्या दाव्याच्या अर्जातली विनंतीच वाटली, फक्त जास्त बऱ्या भाषेत. थोड्या वेळाने उजवा कळा टपकन खाली पडला.

"दिल्यान," आबा म्हणाले. "हाड तो कागद, सही करतंय."

दावा दाखल करताना कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, वादीचं वय लिहिलेलं नाही. धंदा नाही."

"देवी आहे हो ती!"

"असेल. रकाना मोकळा चालत नाही."

मी वयाच्या जागी 'अज्ञान' लिहिलं. कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे सज्ञान न झालेलं पोर, आणि कायद्याच्या नजरेत देव कायमचं तसंच पोर असतो, त्याचं हित दुसऱ्याने बघायचं. धंद्याच्या जागी मी रागारागाने 'पाणीपुरवठा' लिहिलं. कारकुनाने शिक्का मारला.

आणि काय सांगू, पहिल्याच तारखेला मनाई हुकूम मिळाला! माझ्या अर्जातला चौदावा परिच्छेद जजसाहेबांनी मोठ्याने वाचला. 'वादी देवीची इच्छा पूर्वापार रूढीप्रमाणे कौलाने समजून घेतली जाते. प्रस्तुत रस्त्याबाबत असा कौल घेतलेला नाही, सबब मालकाची संमती नाही.' करवती थांबल्या. आबांनी मला फणसाएवढा भोपळा आणून दिला आणि मी तो टेबलावर ठेवून आल्यागेल्याला चौदावा परिच्छेद ऐकवत बसले.

पुढल्या तारखेला कुबलचे वकील गोठोस्कर उठले. गोठोस्कर म्हणजे जुनं खोड. आवाज लोण्यासारखा, हसणं बायकांना हळदीकुंकवाला बोलवावं तसं गोड.

"साहेब, विद्वान भगिनींनी चौदाव्या परिच्छेदात जे लिहिलंय ते आम्हाला शंभर टक्के मान्य आहे," ते म्हणाले. "देवी मालक आहे, मान्य. तिची इच्छा कौलाने समजते, तेही मान्य. म्हणून गेल्या सोमवारी आम्ही कौल घेतला. गाऱ्हाणं झालं, मानकरी हजर होते, सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. उजवा पडला. हे गुरवाचं प्रतिज्ञापत्र, ही मोबाइलवरची चित्रफीत. वादीची स्वतःचीच संमती आहे, साहेब. मग भांडण कोणाचं?"

कोर्टात खसखस पिकली. साक्षीदार फितूर झालेला मी बघितला होता, पंच फितूर झालेला बघितला होता. वादीच फितूर, हे मी पहिल्यांदा बघत होते. मी पुढची तारीख मागितली आणि तशीच, काळ्या कोटानिशी मोरशेतची गाडी धरली.

आबा परसात माडाच्या झावळ्या चिरत होते.

"कुबलने कौल लावला, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होता तर."

"मग मला फोन नाही करायचा? कोण कोण होतं तिथे?"

"सगळे मानकरी."

"सगळे म्हणजे?"

आबांनी कोयता खाली ठेवला. "मी पण होतंय."

मी काळा कोट काढून दारातल्या पायरीवर आपटला. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? गाऱ्हाणा चालू झाला काय व्हय म्हाराजा म्हणाचाच लागता."

"अहो, रस्ता जाऊ दे म्हणून गाऱ्हाणं चाललंय, आणि तुम्ही त्याला व्हय म्हणालात? माझा वादमित्र? त्या चित्रफितीत तुमचा आवाज असेल, आबा!"

"आसतलोच. माजो आवाज मोठो."

हसावं की रडावं कळेना. कौलाला बोलावणं आलं तर मानकऱ्याने जायचं नाही असं होत नाही, आणि गेल्यावर गप्प राहायचं असंही होत नाही. दुष्मनाच्या गाऱ्हाण्यालासुद्धा व्हय म्हणायचं, कारण विचारणारा कोणीही असो, सांगणारी ती. हे त्यांनी मला इतक्या शांतपणे समजावलं की माझं डोकं जास्तच फिरलं.

"बरं, असू दे," मी म्हटलं. "पण तो गुरव कुबलच्या ताटाखालचं मांजर आहे. कळा कसा लावला की कुठला आधी पडतो हे त्याला ठाऊक असणारच. तुम्ही कोर्टात एवढंच सांगा, की कौल खोटा होता."

आबांचा चेहरा बदलला. "खोटो? कौल खोटो म्हणाचो तर आपलो पैलो कौल कसो खरो?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दावाच मी कौलावर उभा केला होता. तो पाया खणला तर कुबलचं घर पडायच्या आधी माझं पडणार होतं.

परत येताना एसटीत एक वाट सुचली. वादी अज्ञान आहे ना? मग पोराच्या संमतीला कायद्यात काय किंमत? पोराने सोन्याची साखळी चॉकलेटवर दिली तर ती परतच घ्यायची असते. मी हाच मुद्दा कोर्टात तावातावाने मांडला. "साहेब, देवी कायद्याने लहान मूल आहे. तिने होय म्हटलं तरी तिचं हित बघणं कोर्टाचं काम आहे."

"लहान मूल आहे तर तिच्या कौलावर तुम्ही दावा कसा आणलात?" गोठोस्करांनी मधाळपणे विचारलं.

आणि मागच्या बाकावरून आबांचा आवाज आला, "पोर? आमच्या माऊलीक पोर म्हणतंस? पाची गावा तिच्या पोटात वाडली!" शिपायाने त्यांना दामटून बसवलं. कुबल रुमाल तोंडाला लावून हसत होता. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं! मी घरी येऊन भांडी आपटली.

जजसाहेब माणूस सभ्य. ते म्हणाले, कोर्ट देवाला आदेश देऊ शकत नाही, पण पाहणीसाठी कमिशनर नेमू शकतं. दोन्ही पक्षांनी कमिशनरसमोर, रूढीप्रमाणे, काय करायचं ते एकदाच करावं. तोवर मनाई चालू राहील. गोठोस्करांनी लगेच मान डोलावली. गुरव त्यांचा, कळे त्यांचे, त्यांना कसली भीती?

कमिशनर म्हणून एक तरुण वकील आला. त्याने पँट मोज्यात खोचली होती आणि तो सारखा जळवा शोधत होता. राईत पाच गावचे लोक लोटले होते. बायका झऱ्याच्या अंगाला कळश्या घेऊन उभ्या होत्या, जणू कौल लागेस्तोवर तेवढं तरी पाणी भरून घ्यावं. कुबल धुतलेल्या शर्टात, त्याची म्हातारी आई त्याच्या शेजारी. लाडू गुरव आला तो खाली बघतच. त्याने दगडाला पाणी घातलं. कळे लावून झाल्यावरही तो कोणाकडे न बघता बोटं पंचाला पुसत राहिला. म्हटलं, झालं, विकला गेला हा. आज उजवाच पडणार.

गाऱ्हाण्याला आबा उभे राहिले. कुबलची माणसं कुरकुरली, पण मान त्यांचा होता.

"गे माये, झरीच्या माऊली!" आबांचा आवाज राईभर घुमला. "आज तुजी लेकरा तुज्या पायाकडे उभी आसत. कोण रस्तो मागता, कोण पाणी मागता. मागणारे सगळे तुजेच."

"व्हय म्हाराजा!"

"तुका मोडून तुज्याच अंगावरसून गाडी न्हेवची म्हणतत. तुका मान्य आसात तर उजवो दी. नसात तर डावो दी. आमचा काय चुकला माकला तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!" कुबलसुद्धा म्हणाला. मीही म्हणाले. तोंडातून कसं गेलं मला समजलं नाही.

मग सगळे बघत राहिले. ऊन झाडांतून उतरून दगडावर आलं आणि पुढे सरकलं. पोरं कंटाळून बोरांच्या मागे गेली. कमिशनरने डबा खाल्ला. कळे होते तिथेच. ना उजवा, ना डावा. वारा आला, वरून वाळकी पानं पडली, दगडावरून एक सरडा धावला, पण कळे हलले नाहीत. दिवस कलला तसं कमिशनरने घड्याळ बघत लिहिलं, 'निष्कर्ष नाही.'

"अडाकलो," बायकांत कुजबुज झाली. "कौल अडाकलो!" कुबलच्या आईने पदर डोक्यावर ओढला आणि मुलाचा हात धरून त्याला ओढत बाहेर नेलं. मला तर वाटलं, डावा नाही पडला, पण उजवाही नाही, म्हणजे जिंकलो आपण!

कसलं जिंकतोय. पुढल्या तारखेला गोठोस्करांनी आबांना पिंजऱ्यात बोलावलं.

"कौल अडतो म्हणजे काय होतं, गावडे?"

"देवी इचार करता."

"किती दिवस?"

"ता तिका इचारूक व्हया."

लोक हसले. जजसाहेबांनीही ओठ दाबले.

"मग तोवर काम करायचं की नाही?"

"नाय. कौल पडल्याबगर कामाक हात लावूचो नसता. माज्या आज्याच्या येळार देवळाचो कौल अडाकलो. देवूळ झालाच नाय. म्हणान तर ती उघड्यार आसा."

मी टुणकन उठले. "ऐकलंत साहेब? रूढीप्रमाणे कौल अडला म्हणजे काम बंद. म्हणजे नकारच!"

"नकार असता तर डावा पडला असता," गोठोस्कर म्हणाले. "साहेब, वादीला आपण बोलायची पुरेपूर संधी दिली. वादी गप्प राहिली. मौन ही संमती, असं आपल्याकडे म्हणतात. आणि देवी आजोबांच्या काळापासून विचारच करत असेल, तर माझ्या अशिलाने किती पिढ्या थांबायचं?"

निकाल त्याच दुपारी झाला. वादीने इच्छा स्पष्ट केलेली नाही. बेमुदत मनाई देता येत नाही. मनाई हुकूम उठवण्यात येत आहे. आयुष्यात इतकी चीड मला कधी आली नव्हती. कोणाची यायची तेही धड कळत नव्हतं. गोठोस्करांची, जजची, आबांची, त्या मुक्या दगडाची? माझं अशीलच तोंड उघडेना, तर मी कोणासाठी घसा फोडत होते?

बाहेर व्हरांड्यात गोठोस्कर पेढे वाटत होते. कुबलने पेढा हातात धरला होता, खाल्ला नव्हता.

"अहो, तोंड गोड करा! उद्यापासून करवती लावा."

"लावतंय," कुबल म्हणाला. मग घुटमळून हळूच म्हणाला, "पण साहेब, कळो अजून पडूक नाय."

"कोर्टाचा हुकूम आहे तुमच्याकडे!"

"तो आसा हो. पण म्हातारी आवस म्हणता, अडाकल्या कौलार राईत पाय घातलंस तर माका खांदो देवक येव नको. ड्रायव्हर पण नाय म्हणतत. पडूंदे एकदा काय तो. पडलो काय दुसऱ्या दिवशी चालू करतंय."

मी त्यांच्यासमोरून तरातरा निघून गेले. मनात म्हटलं, आज ना उद्या पडेलच तो मेला कळा. सुकलेलं फूल किती दिवस टिकतं?

त्याच आठवड्यात लाडू गुरव माझ्या ऑफिसात आला. दारात चपला काढून, कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.

"आता काय आणखी प्रतिज्ञापत्र करायचंय?"

"नाय बाय." त्याने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बोटांना काळपट चिकट थर होता. "चीक. फणसाचो."

फणसाचा चीक, ज्यात पाखरं धरतात, जो पाण्याने जात नाही, खोबरेल लावून सोडवावा लागतो.

"कळ्यांका लावलंय. दोनीक. त्या दिवशी. अडाकल्या कौलाचे सुकले कळे बदलूचे, ही रीतच आसा, म्हणान आता दर चार दिवसांनी सुकले काडतंय, नये चिकान चिकटयतंय. पूजेक माज्याशिवाय कोण हात लावणा नाय, म्हणान कोणाक समाजणा नाय."

"अरे माणसा!" मी ओरडलेच. "चीकच लावायचा होता तर एकट्या उजव्याला लावायचास! डावा पडला असता, मी जिंकले असते!"

"डावो पाडलंय असतंय तर कुबल माका जितो ठेयतो? त्येका म्हायत आसा ना, डावो कधी पडणाच नाय तो."

"पडत नाही म्हणजे?"

लाडूने मान खाली घातली. "बाय, तुमका वाटता मी कुबलचो कौल फिरवलंय. देवीशपत, त्या दिवशी माजो हात नव्हतो. तिनाच उजवो दिल्यान. ती सगळ्यांकाच दिता. लग्नाक व्हय, घराक व्हय, हिरीक व्हय. तुमच्या फिर्यादीक पण व्हय. डावो पडललो माका आठवणाच नाय. माऊली ती. मागात तेका देता. अंगावरची झाडा मागल्यानी तरी ती व्हयच म्हणतली." तो रडत होता की काय, कळत नव्हतं. "मगे कोणीतरी तिच्या तोंडार हात ठेवूक व्हयो ना?"

मी उठले आणि त्याला खुर्ची दिली. चहा मागवला.

आज त्याला बरीच वर्षं झाली. रस्ता झाला नाही. ट्रक अजून वळसा घालून जातात. कुबलची आई गेली, कुबलचे केस पांढरे झाले, खाण त्याचा मुलगा बघतो. कोर्टाचा हुकूम फ्रेम करून त्याच्या ऑफिसात लावलाय, आणि दर वर्षी तो देवीला नारळ ठेवून सांगतो, पाड बाई एकदाचा. कागदोपत्री मी ती केस हरले. आमच्या वकिलांच्या खोलीत अजून कोणीतरी मला डिवचतो, "काय तेंडोलकर मॅडम, तुमची वादी बोलली का?" मी त्यांच्यावर खेकसते.

गेल्या उन्हाळ्यात आबांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"बाय, जरा येवन जा. येतना खोबरेल घेवन ये."

"खोबरेल? तुमच्या घरी माड कमी आहेत का?"

"तू घेवन ये गो."

गेले. आबा राईच्या तोंडाशीच काठी टेकून बसले होते. लाडू गुरव वारला होता. घरात सुतक, पूजा बंद, पुढे पूजा बघणारा त्याचा पुतण्या गोव्याहून यायचा होता. माऊलीपाशी कोणी नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. कळे सुकून काळे पडले होते. डावा अजून घट्ट होता. उजवा एका कडेने सुटून लोंबत होता, वाऱ्याने हलत होता.

"कुबलचो झील, तो खाण बघता तो, सकाळपासून दोनदा बघून गेलो," आबा मागून म्हणाले. त्यांनी पिशवीतून दोन ताजे तांबडे कळे काढले आणि करवंटीत गोळा केलेला चीक.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं?" मी विचारलं.

"माका काय म्हायत? मी मानकरी. माका कायच म्हायत नाय."

"मग लावा तुम्हीच."

"मानकऱ्यान हात लावूचो नसता. आणि माजे हात बघ." हात लटपटत होते. "तू तिची वकील ना? तिच्या वतीन बोललंस इतक्या वर्सांमागे. आता तिच्या वतीन गप पण तूच रवाक व्हया."

"बायकांनी शिवायचं नाही म्हणता ना देवीला?"

आबांनी काठी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून झऱ्याकडे तोंड केलं. "मी खंय बघतंय?"

मी पदर खोचला. एवढा कायदा शिकले, एवढे निवाडे पाठ केले, तिला बोलायचा हक्क मिळावा म्हणून गावभर हसं करून घेतलं, आणि शेवटी काय, तर करवंटीत बोटं बुडवून तिचं तोंड बंद करायला उभी होते मी! इतका राग आला, इतकं रडू आलं. उजवा कळा अलगद काढला. नवा चिकात बुडवला. दगड गार होता, ओलसर. हात थांबला.

"आबा, ती होय म्हणत असेल तर?"

"म्हणतली," आबा पाठमोरेच म्हणाले. "तूच म्हटलंस ना कोर्टात, पोर ती म्हणान. मी उगाच तुज्यार चिडलंय. पोरीक सगळा इचारून कसा चलतला?"

मी कळा दाबून धरला. खाली कळश्या भरल्याचे आवाज येत होते.

खोबरेल लावून लावून हात धुतले, तरी नखांच्या कडेला राहिलाच थोडा. दुसऱ्या दिवशी कोर्टात माझी पानं एकमेकांना चिकटायला लागली. नवीन जजसाहेबांनी वर बघितलं. "काय झालं, मॅडम?"

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "घरी फणस कापला."